खोल समुद्रातील उष्ण झरा कसा शोधावा: रासायनिक संवेदकांपासून पाणबुडीपर्यंत

महासागरांच्या तळाशी पसरलेल्या मध्य-सागरी पर्वतरांगांची एकूण लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर भरते आणि या रांगांवर जागोजागी, खडकांच्या भेगांतून, तापलेले पाणी वर येत असते. हायड्रोथर्मल व्हेंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उष्ण झऱ्यांचे एखादे क्षेत्र सहसा काहीशे मीटरच रुंद असते, त्यातील एकेका धुरांड्याचा घेर काही मीटरच असतो, आणि कॅमेऱ्याचा दिवा कितीही प्रखर असला तरी त्याचा उपयुक्त उजेड स्वच्छ पाण्यातही दहा-वीस मीटरांपलीकडे पोहोचत नाही. म्हणूनच पाणबुडीत बसून तळावर नुसते पाहत फिरणे ही शोधाची सर्वांत खर्चिक आणि सर्वांत निष्फळ पद्धत होय. जे मोहिमेची आखणी करणार आहेत, किंवा अशा मोहिमेवर प्रथमच जाणार आहेत, त्यांच्यासाठी पुढील विवेचन आहे. त्यामागचे सूत्र असे की, पाण्याच्या रसायनाचा माग काढत शोधाचे क्षेत्र टप्प्याटप्प्याने लहान करत न्यावे, आणि कॅमेरा, यांत्रिक हात व माणूस यांना अगदी शेवटी खाली पाठवावे.

पाण्यात नेमके काय शोधायचे

समुद्राचे थंड पाणी कवचातील भेगांतून खाली झिरपते, शिलारसाच्या सान्निध्यात तापते आणि खडकाशी त्याची रासायनिक क्रिया होते. या प्रवासात पाण्यातील मॅग्नेशियम जवळजवळ पूर्णपणे निघून जाते. उलट लोह, मँगनीज, तांबे, जस्त, हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि पृथ्वीच्या आवरणातून येणारा हेलियम-३ हा दुर्मिळ समस्थानिक त्यात मिसळतो. हे पाणी ३५० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेले असले तरी दाबामुळे सहसा उकळत नाही. मुखातून बाहेर पडताच ते २ ते ३ अंशांच्या समुद्रजलात मिसळते, विरघळलेली धातूंची सल्फाइडे क्षणात घनरूप होतात आणि काळ्या धुराचा भास होतो. हलके असलेले हे मिश्रण सभोवतालचे पाणी ओढून घेत वर चढते, साधारणपणे २०० ते ३०० मीटर उंचीवर त्याची घनता आसपासच्या पाण्याइतकी होते, आणि मग ते प्रवाहाबरोबर आडवे पसरू लागते. शोधकर्त्याला प्रथम गाठायचा असतो तो हा आडवा लोट, कारण झरा काही मीटरांचा असला तरी लोट कित्येक किलोमीटर पसरलेला असतो.

अडचण अशी की, तिथवर पोहोचेपर्यंत मूळ पाणी सुमारे दहा हजार पट विरळ झालेले असते. तापमानातील फरक अंशाच्या शंभराव्या भागांत मोजावा लागतो; आणि अटलांटिक महासागरात तर लोटाचे पाणी समान घनतेच्या शेजारच्या पाण्यापेक्षा चक्क थंड आणि कमी क्षारयुक्त निघते, कारण वर चढताना त्याने खालचे थंड, कमी खारे पाणी सोबत आणलेले असते. केवळ उष्णतेच्या शोधात असणारा माणूस तिथे थेट लोटातून जाऊनही रिकाम्या हाताने परत येईल. म्हणून तापमापकावर विसंबू नये; रासायनिक खुणांवर विसंबावे.

या खुणा परस्परांहून फार वेगळ्या वागतात, आणि त्यांचा हा वेगळेपणाच दिशा दाखवतो. हायड्रोजन सल्फाइड आणि द्विसंयुजी लोह ऑक्सिजनशी झटपट संयोग पावतात, त्यामुळे ती सापडली तर झरा जवळ आहे असे समजावे. मिथेन सूक्ष्मजीवांकडून हळूहळू संपवला जातो आणि काही दिवस ते काही आठवडे टिकतो. मँगनीज त्याहूनही दीर्घकाळ विरघळलेल्या रूपात राहते, आणि झऱ्याच्या पाण्यात ते सामान्य समुद्रजलाच्या सुमारे दहा लाख पट असल्यामुळे बरेच विरळ झाल्यावरही ओळखता येते. हेलियम-३ कशाशीच संयोग पावत नाही. १९८१ साली जॉन लप्टन आणि हार्मन क्रेग यांनी पूर्व प्रशांत उंचवट्यावरून निघालेला हेलियम-३ चा लोट सुमारे २,५०० मीटर खोलीवर दोन हजार किलोमीटरपर्यंत पसरलेला असल्याचे दाखवले. तेव्हा हेलियम हा ‘या पर्वतरांगेवर कोठेतरी झरे आहेत’ एवढेच सांगणारा साक्षीदार होय. ‘झरा या उताराच्या पलीकडे आहे’ हे सांगण्याचे काम सल्फाइडचे.

नकाशा आणि परवानगी

सबंध समुद्रतळापैकी सुमारे पाव भागच आधुनिक सोनारने मोजलेला आहे. उरलेल्या भागाचे नकाशे उपग्रहांनी टिपलेल्या गुरुत्वाकर्षणातील फरकांवरून बेतलेले असून ते बारीक शोधासाठी निरुपयोगी आहेत. त्यामुळे पहिले काम जहाजाखालच्या बहुशलाका सोनारने स्वतःचा नकाशा तयार करण्याचे. एक अंशाची ध्वनिशलाका ४,००० मीटर खोलीवर सुमारे ७० मीटर रुंदीचा ठसा उमटवते, म्हणजे या नकाशात धुरांडे कधीच दिसणार नाही. त्यात शोधायचे ते खडकांतील ताजे तडे, ज्वालामुखीय उंचवटे आणि भ्रंशांच्या कडा, कारण पाण्याला वर येण्याची वाट तेथेच मिळते.

क्षेत्र एखाद्या देशाच्या २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात येत असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराप्रमाणे त्या देशाला किमान सहा महिने आधी मोहिमेची सविस्तर माहिती द्यावी लागते. हा अर्ज जहाजाची तारीख ठरताच करावा. परवानगी हातात येण्यापूर्वी यंत्रे बंदरात पोहोचल्याचा काही उपयोग नसतो.

पहिली फेरी: सीटीडी ओढत नेणे

सीटीडी म्हणजे पाण्याची विद्युत्‌वाहकता, तापमान आणि खोली मोजणारे उपकरण. त्याच्या चौकटीभोवती नमुने घेण्याच्या बाटल्यांचे कडे बसवलेले असते, आणि आपल्या कामासाठी त्यावर आणखी तीन गोष्टी बसवणे अत्यावश्यक आहे: पाण्यातील कण मोजणारा गढूळपणाचा संवेदक, ऑक्सिडीकरण-क्षपण विभव मोजणारा प्लॅटिनमचा विद्युदग्र आणि प्रवाहाची दिशा व वेग टिपणारा ध्वनी-प्रवाहमापक. मिथेनचा संवेदक असल्यास उत्तम, पण त्याच्या मर्यादा ध्यानात ठेवूनच त्याचे आकडे वाचावेत. त्या मर्यादांविषयी पुढे येईलच.

जहाज दीड-दोन नॉट इतक्या मंद गतीने पुढे सरकत असताना विंचवरील केबल आळीपाळीने सोडत आणि गुंडाळत राहावे, म्हणजे उपकरण तळापासून काही दशक मीटरांवरून चारशे-पाचशे मीटरांपर्यंत करवतीच्या दात्यांसारखा मार्ग काढत जाते. खलाशांच्या बोलीत याला टो-यो म्हणतात. उपकरण उभे खाली-वर करण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी अधिक पाणी चाळून काढतो. केबलवर ठरावीक अंतराने छोटे स्वयंनोंदी संवेदकही बांधता येतात; मग एकाच फेरीत अनेक पातळ्यांवरची नोंद मिळते आणि अपुऱ्या जहाजकाळात ही बचत मोठी ठरते.

पडद्यासमोर बसणाऱ्याने काय पाहावे, हे जरा बारकाईने सांगायला हवे. गढूळपणाचा आलेख तळाकडे जाताना सावकाश वाढत असेल आणि तळाशी सर्वाधिक होत असेल, तर तो बहुधा प्रवाहाने उठवलेला गाळ होय. झऱ्याचा लोट मात्र तळापासून सुटलेल्या थरासारखा दिसतो: त्याच्या वर स्वच्छ पाणी, खालीही तुलनेने स्वच्छ पाणी आणि मध्ये पन्नास-शंभर मीटर जाडीचा फुगवटा. आलेख खोलीच्या ऐवजी घनतेच्या अक्षावर काढावा, कारण भरती-ओहोटी आणि अंतर्गत लाटा यांमुळे पाण्याचे थर सतत खालीवर होत असतात. खोलीवर विस्कटलेले दिसणारे फुगवटे घनतेवर एका रेषेत येऊन बसले, तर तो एकच लोट आहे याची खात्री पटते.

आता विभवाकडे पाहावे. कण दूरवर वाहून जातात, पण विभव ढासळते ते पाण्यात ताजी, अजून ऑक्सिडीकरण न झालेली द्रव्ये असतील तेव्हाच. लोटात शिरताच विभवाची रेषा एकाएकी काही मिलिव्होल्टांनी, झरा जवळ असल्यास काही दशक मिलिव्होल्टांनी, खाली कोसळते. मात्र बाहेर पडल्यावर ती रेंगाळत, कित्येक मिनिटे घेत मूळ पातळीकडे परतते. म्हणून रेषा जेथे घसरू लागली तो क्षण महत्त्वाचा. ती जेथे पूर्वपदावर आली ते ठिकाण निरर्थक. आकड्याच्या निरपेक्ष मूल्याकडेही लक्ष देऊ नये, कारण विद्युदग्राची आधाररेषा प्रत्येक फेरीत थोडी सरकते; पाहायचा तो उतार. गढूळपणा आहे पण विभव हलत नाही, असे दिसल्यास लोट जुना आहे आणि प्रवाहाच्या उलट दिशेने जायला हवे. दोन्ही एकाच वेळी उसळले-कोसळले, तर त्याच ठिकाणी बाटल्या बंद करण्याची आज्ञा द्यावी.

मिथेनच्या संवेदकात वायू पडद्यातून आत झिरपावा लागतो आणि थंड पाण्यात ही क्रिया संथ असते. समजा प्रतिसादाला पाच मिनिटे लागली आणि उपकरण सेकंदाला एक मीटर वेगाने जात असेल, तर आलेखातील शिखर प्रत्यक्ष लोटापासून तीनशे मीटर पुढे सरकलेले असेल. एकच फेरी घेतली तर ही चूक लक्षात येत नाही. त्याच रेषेवर उलट दिशेने फेरी घेतली की दोन शिखरे दोन बाजूंना पडतात आणि खरे ठिकाण त्यांच्या मध्ये असल्याचे कळते. हाच नियम सर्व मंद संवेदकांना लागू आहे.

बाटल्या डेकवर आल्या की नमुने काढण्याचा क्रम पाळावा. सर्वांत आधी हेलियम, जो तांब्याच्या नळीत भरून नळीची दोन्ही टोके चिमट्याने चेपून बंद करतात. त्यानंतर मिथेन व हायड्रोजनसारखे वायू. नंतर क्षारता व पोषकद्रव्ये. बाटलीची तोटी उघडल्यापासून वायू निसटू लागतात, त्यामुळे ‘आधी सोपे काम उरकून घेऊ’ हा विचार येथे महागात पडतो. लोह व इतर सूक्ष्म धातू मोजायचे असतील तर चौकटीचा गंज आणि केबलचे वंगण नमुन्यात उतरणार नाही अशी वेगळी, धातूविरहित व्यवस्था लागते. ती नसेल तर धातूंपैकी मँगनीजच्या आकड्यावर त्यातल्या त्यात भरवसा ठेवावा.

गढूळपणावर संपूर्ण भिस्त ठेवणाऱ्यांसाठी ‘लॉस्ट सिटी’चे उदाहरण पुरेसे आहे. डिसेंबर २००० मध्ये अटलांटिक महासागरातील अटलांटिस मॅसिफ या सागरी पर्वतावर सापडलेल्या या क्षेत्रात पाणी ४० ते ९० अंशांचे आणि तीव्र अल्कधर्मी आहे, धातू जवळजवळ नाहीत, त्यामुळे काळा धूरही नाही; आणि तरीही तेथील कार्बोनेटचा एक मनोरा ६० मीटर उंच आहे. हे क्षेत्र लोटाचा माग काढत सापडले नव्हते; ओढत्या कॅमेऱ्यात ते अनपेक्षितपणे आले. अशा ठिकाणी हायड्रोजन, मिथेन आणि विभव यांचाच आधार असतो, आणि ज्या पर्वतरांगांवर आवरणातील खडक वर आलेले आहेत तेथे ही शक्यता आरंभापासून गृहीत धरावी.

दुसरी फेरी: स्वयंचलित रोबॉट

सीटीडीच्या फेऱ्यांनी शोधाचे क्षेत्र पाचेक किलोमीटरांवर आले की केबलविना फिरणारा रोबॉट, म्हणजे एयूव्ही, पाण्यात सोडावा. अमेरिकेच्या वूड्स होल संस्थेच्या ‘एबीई’ या रोबॉटने रूढ केलेली तीन टप्प्यांची पद्धत अजूनही सर्वांत विश्वसनीय आहे. पहिल्या डुबकीत रोबॉट आडव्या लोटाच्या उंचीवर, तळापासून दोन-तीनशे मीटर वर, एकमेकांपासून दूरच्या समांतर रेषांत फिरतो. दुसऱ्या डुबकीत तो तळापासून सुमारे ५० मीटरांवर उतरतो, रेषा जवळ आणतो आणि एकाच वेळी बारीक नकाशा काढून लोटाचा वर चढणारा खांब हुडकतो. हा खांब काही दशक मीटर रुंद असल्यामुळे त्यातून गेल्यास विभव आणि तापमान दोन्ही तीव्रपणे हलतात. तिसऱ्या डुबकीत तो तळापासून पाचेक मीटरांवरून छायाचित्रे घेतो. दोन टप्पे एकत्र करून वेळ वाचवण्याचा मोह होतो, पण खांबाचे स्थान निश्चित नसताना घेतलेली हजारो छायाचित्रे बहुधा रिकाम्या लाव्हाचीच निघतात.

येथे स्थाननिश्चितीचा प्रश्न गंभीर होतो. समुद्राच्या पाण्यात रेडिओलहरी शिरत नाहीत, त्यामुळे उपग्रहांचा उपयोग फक्त पृष्ठभागावर. खाली सारा कारभार ध्वनीवर चालतो, आणि ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जात असल्यामुळे ४,००० मीटर खोलीवरील यंत्राला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला पाच सेकंदांहून अधिक लागतात. जहाजावरून ध्वनीने मोजलेले स्थान तिरक्या अंतराच्या अर्धा ते एक टक्का इतके चुकू शकते, म्हणजे ३,००० मीटरांवर पंधरा ते तीस मीटर. तळाचा वेध घेणारा डॉप्लर वेगमापक याहून चांगले काम करतो, परंतु तळ साधारण दोनशे मीटरांच्या आत आल्याशिवाय त्याला तळ दिसतच नाही. खाली उतरतानाच्या तासाभरात प्रवाह रोबॉटला कोठे वाहून नेतो हे त्याला कळत नाही. उपाय असा की, रोबॉट तळाजवळ पोहोचल्यावर लगेच शोधाच्या रेषा सुरू न करता त्याला एक छोटे वर्तुळ घालायला लावावे, त्या काळात जहाजाने ध्वनीने त्याचे स्थान अनेकदा मोजावे, आणि सरासरीने आरंभबिंदू दुरुस्त करून मगच पुढे जावे. अधिक अचूकता हवी असल्यास तळावर ध्वनी-खुणांचे जाळे टाकता येते. त्यात वेळ जातो, पण पुन्हा त्याच क्षेत्री परतायचे असेल तर तो सार्थकी लागतो.

रोबॉट परत येईलच असे धरून चालू नये. ‘एबीई’ दोनशेहून अधिक डुबक्यांनंतर २०१० साली चिलीच्या किनाऱ्यापासून दूर हरवला. तरंगण्यासाठी बसवलेल्या काचेच्या गोळ्यांपैकी एखादा फुटून त्याच्या धक्क्याने इतर गोळे फुटले असावेत असा तर्क आहे. त्याच संस्थेचा ‘नेरियस’ हा रोबॉट २०१४ साली न्यूझीलंडजवळच्या करमाडेक गर्तेत सुमारे ९,९०० मीटर खोलीवर चिरडला गेला. म्हणून विदा (डेटा) केवळ रोबॉटच्या स्मृतीत साठू देऊ नये; लोटाची नोंद, तिचा सारांश तरी, ध्वनी-मोडेमवरून दर काही मिनिटांनी जहाजाकडे येत राहील अशी व्यवस्था करावी.

तिसरी फेरी: केबलवरचा रोबॉट की माणूस

केबलच्या आधाराने वीज आणि प्रकाशतंतू पुरवला जाणारा आरओव्ही दिवसरात्र खाली राहू शकतो, आणि त्याचा पडदा पाहत जहाजावरील वीस जण एकाच वेळी चर्चा करू शकतात. तीन माणसांची पाणबुडी मिनिटाला सुमारे ३० मीटर वेगाने उतरते. ३,००० मीटरांना शंभर मिनिटे जातात, तेवढाच वेळ वर यायला, आणि आठ तासांच्या डुबकीत तळावर राहतात ते जेमतेम पाच तास. केवळ कामाच्या तासांचा हिशेब केला तर आरओव्हीच सरस ठरतो. माणसाच्या डोळ्याला खोलीची आणि उताराची जी जाण असते ती पडद्यावर येत नाही, हे पाणबुडीवाल्यांचे म्हणणे खरे आहे. तरीही, माझ्या मते, नमुने गोळा करणे हाच हेतू असेल तर माणूस खाली पाठवण्यासाठी वेगळे, सबळ कारण सांगता आले पाहिजे.

आरओव्हीचे मर्मस्थान म्हणजे केबल. जपानच्या ‘काइको’ने १९९५ मध्ये चॅलेंजर गर्तेचा तळ गाठला, २००० साली हिंदी महासागरातील काइरेई हे झऱ्यांचे क्षेत्र शोधले, आणि २००३ साली केबल तुटल्यामुळे तो कायमचा गमावला गेला. जहाज लाटांवर वरखाली होत असते, त्याचा झटका थेट यंत्रापर्यंत जाऊ नये म्हणून केबलच्या खालच्या भागात तरंगक बांधून तिला सैल बाक द्यावा, आणि धुरांड्यांच्या मधोमध कधीही शिरू नये. नेहमी बाहेरच्या बाजूने, मागे मोकळी जागा ठेवून काम करावे.

माणूस जाणारच असेल, तर पाणबुडी स्वतंत्र वर्गीकरण संस्थेने तपासून प्रमाणित केलेली आहे काय हा पहिला प्रश्न विचारावा, आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास जाऊ नये. ६,००० मीटरांवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ६०० किलो भार पडतो. ‘अल्विन’, ‘शिंकाई ६५००’ यांसारख्या पाणबुड्या टायटॅनियमच्या गोलावर विसंबतात, कारण गोलावर दाब सर्व बाजूंनी समान वाटला जातो आणि या धातूचे वर्तन चांगले परिचित आहे. जून २०२३ मध्ये टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना चिरडलेल्या ‘टायटन’चे कवच कार्बन तंतूंचे आणि नळकांड्याच्या आकाराचे होते, तिचे असे प्रमाणीकरण झालेले नव्हते, आणि त्यात पाच जणांचा मृत्यू झाला. दुसरा प्रश्न अडकण्याचा: विद्युत्‌पुरवठा खंडित झाला तरी वजने सुटतील काय, अडकलेले यांत्रिक हात सोडून देता येतील काय, आणि श्वसनाची सोय किती काळाची आहे? ‘अल्विन’वर ती तीन दिवसांची असते.

जाता जाता एक नोंद. १९६८ साली ‘अल्विन’ पाण्यात उतरवताना तिच्या केबल तुटल्या. आतील तिघे वेळेवर बाहेर पडले आणि पाणबुडी सुमारे १,५०० मीटर खाली गेली. पुढील वर्षी ती वर काढली तेव्हा आत राहिलेली सँडविचे भिजलेली, पण खाण्याजोगी सापडली, आणि त्यावरून खोल समुद्रात कुजण्याची क्रिया किती संथ असते याचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला.

धुरांड्यासमोर: नमुना घेणे

प्रवाह जिकडून येतो तिकडे यंत्राचे तोंड ठेवून थांबावे, म्हणजे उडालेला गाळ मागे वाहून जातो. तळावर टेकल्यानंतर पाणी निवळेपर्यंत हात हलवू नये. सुरुवात नेहमी तापमानाच्या शलाकेने करावी. १९७९ साली पूर्व प्रशांत उंचवट्यावर २१ अंश उत्तर अक्षांशाजवळ ‘अल्विन’च्या चालकांनी पहिल्यांदा काळ्या धुरांड्यात शलाका घातली तेव्हा तिचा प्लॅस्टिकचा भाग वितळला, नंतर योग्य शलाकेने मोजले तेव्हा तापमान सुमारे ३८० अंश भरले. पाणबुडीच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या असतात हे ध्यानात घेतल्यास, झोतासमोर खिडकी कधीही येऊ न देण्याचा नियम का आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

मुखावर वाढलेली भुसभुशीत टोके यांत्रिक हाताने हलकेच बाजूला करावीत, शलाका आत सारावी आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. तो वरखाली होत राहिला, तर बाहेरचे पाणी आत मिसळत आहे. जागा किंवा कोन बदलावा. आकडा स्थिरावला की शलाका जेथे होती तेथेच, तेवढ्याच खोलवर, टायटॅनियमच्या नमुनायंत्राची नळी न्यावी आणि ते सावकाश भरू द्यावे. घाई केली तर नळी झऱ्याच्या पुरवठ्यापेक्षा अधिक पाणी खेचते आणि उरलेली जागा साधे समुद्रजल भरून काढते. एकाच मुखातून किमान दोन नमुने घ्यावेत, त्यांपैकी एक तरी दाब राखून ठेवणाऱ्या वायुबंद यंत्रात, कारण साध्या यंत्रातील नमुना वर येताना दाब उतरतो, विरघळलेले वायू सुटतात आणि काही निसटतात.

नमुना किती शुद्ध आहे हे मॅग्नेशियमवरून ठरवतात. समुद्रजलात ते प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे ५३ मिलिमोल असते आणि झऱ्याच्या मूळ पाण्यात जवळपास शून्य, नमुन्यात ५.३ मिलिमोल सापडले तर त्यात दहा टक्के समुद्रजल मिसळले आहे, आणि बाकीच्या सर्व द्रव्यांची मूळ मात्रा त्या हिशेबाने काढता येते. अनेक नमुन्यांचे आकडे मॅग्नेशियमसमोर मांडून रेषा शून्यापर्यंत वाढवणे ही रूढ रीत आहे. एकट्या नमुन्यावरून झऱ्याचे रसायन सांगू नये. डेकवर नमुनायंत्र उघडताना हवा खेळती असावी आणि हायड्रोजन सल्फाइडचा मापक जवळ असावा, कारण हा वायू विषारी असून अधिक मात्रेत त्याचा वास येणेच बंद होते.

धुरांड्यांच्या पायथ्याशी, जेथे पाणी नुसते झिळमिळताना दिसते आणि तापमान काही अंशांनीच जास्त असते, तेथे नमुनायंत्राचा फारसा उपयोग होत नाही. जीवसृष्टीची दाटी याच ठिकाणी असते आणि सल्फाइड व ऑक्सिजन यांचे प्रमाण काही सेंटिमीटरांत बदलते. येथे पाण्यातच मोजणी करणारे संवेदक वापरावेत: सोन्यावर पाऱ्याचा लेप दिलेले विद्युदग्र, किंवा लेझरचा प्रकाश टाकून रेणू ओळखणारे रामन वर्णपटमापक. संवेदकाचे टोक नळीकृमींच्या झुबक्यात नेमके कोठे होते याचे छायाचित्र प्रत्येक मोजणीसोबत घ्यावे. जागेचा पुरावा नसलेला आकडा पुढे कोणालाच वापरता येत नाही. एका भेटीतील मोजणी ही त्या क्षणापुरती असते, म्हणून शक्य असल्यास एखादा स्वयंनोंदी संवेदक मागे ठेवून यावे. ईशान्य प्रशांत महासागरातील अ‍ॅक्सियल या सागरी पर्वतावर तर किनाऱ्यापासून केबल टाकून संवेदक कायमचे जोडले आहेत, आणि एप्रिल २०१५ मधील तेथील उद्रेक प्रत्यक्ष घडत असताना नोंदला गेला.

प्राणी घ्यायचे असल्यास अगदी मोजके घ्यावेत, झाकणाच्या उष्णतारोधक पेटीत ठेवावेत आणि वर निघण्यापूर्वी पेटी बंद करावी, नाहीतर वरच्या उबदार पाण्यात ते मरतात. एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जाण्यापूर्वी यंत्राचा प्रत्येक खोबण गोड्या पाण्याने धुऊन वाळवावा. ईशान्य प्रशांत महासागरातील गॉर्डा पर्वतरांगेवरील लिंपेट जातीच्या गोगलगायी ‘अल्विन’च्या नमुनायंत्रातून नकळत तिच्या उत्तरेकडील हुआन दे फुका रांगेवर पोहोचल्या होत्या आणि दाबातील एवढा बदल सोसूनही जिवंत होत्या, हे सिद्ध झालेले आहे. परजीवीही याच वाटेने जाऊ शकतात.

परतताना

प्रत्येक संवेदक मोहिमेनंतर पुन्हा प्रमाणित करावा आणि आधीच्या व नंतरच्या प्रमाणीकरणातील फरक विदेसोबत जोडावा. धुरांड्यांना तात्पुरती नावे दिली असतील तर ती, त्यांचे अक्षांश-रेखांश, स्थान मोजण्याची पद्धत आणि तिची अपेक्षित चूक हे सर्व एकाच तक्त्यात लिहावे. झऱ्याचे क्षेत्र नवे असल्यास हा तक्ता इंटररिज या सागरी पर्वतरांगांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संघटनेच्या व्हेंट-सूचीकडे पाठवावा, आणि लोट दिसूनही झरा हाती लागला नाही अशा रेषाही त्यात वगळू नयेत, कारण पुढील जहाज आपली पहिली फेरी तेथूनच सुरू करेल.